शब्दचर्चा : ‘ड्युरेशन’लाही ‘मुदत’च म्हणायचं का?

नौपाडा : बँकेत नव्याने लागलेल्या मुलांसाठी व्याजदर जोखमीवर मराठीत टिपणं काढतोय. जुन्या टिपणांत मॅच्युरिटी (पैसे परत करायची वेळ), रिप्राइसिंग (व्याजदर नव्याने लागणं), ड्युरेशन (दर हलला की किंमत किती हलेल याचं वर्षांतलं माप) तिन्हींना सरसकट ‘मुदत’ म्हटलंय. ‘मुदत ठेव’ सगळ्यांना ठाऊक, तेव्हा राहू द्यावं का? आणि ‘गॅप’ला, म्हणजे ठरावीक काळात दर बदलणारी येणी आणि देणी यांतल्या फरकाला, काय लिहू?

वाशी : अजिबात राहू देऊ नका. ‘मुदत’ फक्त मॅच्युरिटीला. घोडबंदर रोडवरच्या फ्लॅटचं 20 वर्षांचं कर्ज घ्या. ऑक्टोबर 2019 पासून व्यापारी बँकांची नवी फ्लोटिंग गृहकर्जं बाह्य दराशी, बहुतेक ठिकाणी रेपोशी (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने उसने देते त्याच्याशी), जोडलेली असतात आणि दर तीन महिन्यांतून एकदा तरी नव्याने लावावाच लागतो. म्हणजे तरलतेच्या तक्त्यात (पैसे कधी येणार-जाणार) हे कर्ज हप्त्यांप्रमाणे वर्षानुवर्षं पसरणार, पण व्याजसंवेदनशीलतेच्या तक्त्यात (दर कधी बदलणार) सगळी बाकी तीन महिन्यांच्या आतल्या कप्प्यांत, म्हणजे काळाच्या गटांत. ‘मुदत’ लिहिलंत तर पोरं ती उचलून ‘5 वर्षांवरील’मध्ये टाकतील. रिप्राइसिंगला सरळ ‘दरबदलाची तारीख’ लिहा. ‘पुनर्मूल्यनिर्धारण’ म्हटलं की मला रेडी रेकनर आठवतो.

बेलापूर : गॅपला ‘तफावत’. ‘दरी’ नको, तिला अधिक-उणे लावता येत नाही. एक वर्षाच्या आत दर बदलणारी कर्जं-गुंतवणूक 400 कोटी, ठेवी-उसनवारी 550 कोटी, तर तफावत उणे 150 कोटी. वर्षाच्या सुरुवातीलाच सगळ्यांचे दर 1 टक्क्याने चढले, तर निव्वळ व्याज उत्पन्नात दीड कोटीची खोट. दर उतरले तर तेवढाच फायदा. अर्थात दोन्हीकडचे दर सारखेच हलतात हे गृहीत धरून, आणि प्रत्यक्षात ते तसे हलत नाहीत. 2025 मध्ये फेब्रुवारी ते जून रेपो 6.50 वरून 5.50 वर आला. रेपोवरची कर्जं लगेच स्वस्त झाली, जुन्या एफडी मात्र ठरल्या दराने चालूच.

नौपाडा : मॅडम, मग ड्युरेशन ‘कालावधी’?

बेलापूर : तिथेच घोळ होतो. एकक वर्षं, म्हणून माणूस ‘किती दिवस’ असं वाचतो. 5 वर्षांचा, 7 टक्के वार्षिक व्याजाचा रोखा 7 टक्के परताव्याला घेतला, तर मॅकॉलेंच्या 1938 च्या सूत्राने ड्युरेशन येतं सुमारे 4.39 वर्षं. मधलं व्याज आधी हातात पडतं म्हणून पाचापेक्षा कमी. त्याला 1.07 ने भागलं की 4.1, म्हणजे परतावा 1 टक्क्याने चढला की किंमत साधारण 4 टक्के पडते. वापर या 4.1 चा. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर 2010 मध्ये ड्युरेशन गॅपची (येणी आणि देणी यांच्या ड्युरेशनमधल्या तफावतीची) पद्धत आणली, ती भांडवलाच्या बाजारमूल्याला किती झळ बसेल हे पाहायला. तफावतीचा तक्ता उत्पन्न दाखवतो, हे त्याला दिसत नाही.

वाशी : ‘भारित सरासरी मुदत’ चालेल की.

बेलापूर : व्याख्येत चालेल, रोजच्या बोलण्यात कोण म्हणणार? ट्रेझरीत (बँकेच्या रोखे-गुंतवणूक विभागात) शिपायापासून सगळे ‘ड्युरेशन’च म्हणतात. मी तेच ठेवेन.

नौपाडा : ठरलं. मुदत, दरबदलाची तारीख, तफावत, ड्युरेशन. आता बचत खात्याचं सांगा. त्याला मुदतही नाही, दरबदलाची तारीखही नाही. त्याचा कप्पा कोणता?