मदत हवी आहे: लास वेगासचा बुफे परवडतो का?

नमस्कार मंडळी. आम्ही दोघं नागपूरहून मुलाकडे अमेरिकेत आलोय, पुढच्या महिन्यात ३ दिवस लास वेगास. तिथल्या सीझर्स पॅलेस या कॅसिनो-हॉटेलमधल्या बॅकनाल बुफेचं रात्रीचं जेवण माणशी ८० डॉलरच्या घरात, वर टिप, आणि वेळ फक्त ९० मिनिटं! सावजीवर वाढलेला मी खेकडे अन् प्राइम रिबवर (भाजलेलं बीफ) पैसे वसूल करीन हो, पण सौ. पक्की शाकाहारी, तिनं काय ८० डॉलरची काकडी खायची? १९४० च्या दशकात लास वेगासमधला पहिला बुफे एका डॉलरात होता म्हणे. कॅसिनोत खेळणार नाही, त्यामुळे फुकट जेवणाचं कूपन मिळणं कठीणच. शाकाहारी माणसाला घेऊन कोणी गेलंय का? दुपारचा ब्रंच घ्यावा, की सरळ भारतीय हॉटेल गाठावं?