जाड पेशंटचा डोस: कोणतं वजन धरायचं?

नौपाडा_फार्मसी: कालच्या धाग्यात एका डॉक्टरांनी लिहिलं, "लॅब ईजीएफआर (किडनी किती गाळते त्याचा अंदाजी आकडा) छापून देते, तोच बघा. वजनाची गणितं परीक्षेपुरती." संताप आला म्हणून सविस्तर लिहितेय. बाई 62 वर्षांच्या, उंची 155 सेंमी, वजन 112 किलो, रक्तातलं क्रिएटिनिन (स्नायूंतून येणारा कचरा, किडनी तो गाळते) 1.3. कॉकक्रॉफ्ट-गॉल्टमध्ये, म्हणजे वय, वजन नि क्रिएटिनिनवरून किडनीची गाळण काढायच्या सूत्रात, खरं वजन घातलं की 79 येतं, आयडियल (उंचीच्या मानाने असायला हवं ते) घातलं की 34. अ‍ॅडजस्टेड, म्हणजे आयडियलमध्ये जास्तीच्या वजनाचा 40 टक्के भाग मिळवून, 52. बाई तीच, रक्त तेच! प्रेगाबालिन हे नसांच्या दुखण्याचं औषध किडनीतूनच बाहेर पडतं, म्हणून हा आकडा 60च्या खाली गेला की डोस निम्मा करायचा असतो. 79 धरणारा पूर्ण डोस देऊन मोकळा होतो.

नेरुळ_एमडी: तो डॉक्टर मीच. कॉकक्रॉफ्ट-गॉल्ट 1976चं, 249 जणांवर बेतलेलं, त्यात बहुतेक पुरुष. 2021च्या सीकेडी-ईपीआयने (लॅब वापरते ते नवं सूत्र, त्यात वजन नसतं) तुमच्या बाईंचा ईजीएफआर 46च्या आसपास येतो. 46 काय नि 52 काय, दोन्ही 60च्या आतच. डोस निम्माच. मग भांडण कशाचं?

नौपाडा_फार्मसी: सर, तो 46 आहे 1.73 चौरस मीटरच्या शरीरासाठी. या बाईंच्या शरीराचं क्षेत्रफळ 2.2 निघतं, त्या हिशेबाने 59. आता लिव्होफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक घ्या, त्याची रेघ 50वर. 46 धरलात तर 750 मिलिग्रॅम एक दिवसाआड, 59 धरला तर रोज. न्यूमोनियात एक दिवसाआड देऊन बसायचं?

कळवा_सिस्टर: तुम्ही दोघं कुठलं वजन धरायचं यावर भांडताय. मुळात वजन करतं कोण? अ‍ॅडमिशनला नातेवाइकांना विचारायचं, "किती असेल?" ते म्हणतात, "असेल ऐंशी-नव्वद." तेच केस पेपरवर. आमच्या वॉर्डचा काटा 120ला अडकतो, आणि स्ट्रेचरवरच्या माणसाला उभं कोण करणार? बेडखालचा काटा मागून मागून थकलो, मॉनिटर मात्र नवे आले.

घोडबंदर_सून: सिस्टर, अगदी हेच. सासूबाईंचं जुन्या कार्डावरचं 118 किलो जसंच्या तसं उतरवून घेतलं. आजारपणात त्या 90वर आल्या होत्या. पायांच्या जळजळीसाठी प्रेगाबालिन पूर्ण डोसमध्ये. भिंत धरून चालायच्या, बोलता बोलता डोळे मिटायचे. शेवटी बाथरूममध्ये पडल्या, मनगट मोडलं. वजनाचं विचारलं तर आमच्यावरच ओरडले.

नेरुळ_एमडी: वाईट झालं. पण प्रेगाबालिनने किडनी ठणठणीत असलेल्यालाही गरगरतं. एका केसवरून सगळ्या डॉक्टरांना झोडपू नका.

घोडबंदर_सून: झोडपत नाहीये. काट्यावर उभं करायला दोन मिनिटं लागतात, तेवढंच मागतेय.

कोपरखैरणे_रेसिडेंट: सिस्टॅटिन सी करा ना, किडनीसाठीची दुसरी रक्ततपासणी. क्रिएटिनिनसारखा स्नायूंचा प्रश्नच मिटतो.

नौपाडा_फार्मसी: मिटत नाही. लठ्ठपणात तेही वाढतं, स्टेरॉइडवरही. व्हॅन्को, जेंटा (व्हॅन्कोमायसिन, जेंटामायसिन ही अँटिबायोटिक्स) यांना रक्तातली लेव्हल बघण्याला पर्याय नाही.

नेरुळ_एमडी: व्हॅन्को-जेंटाचं मान्य. लिव्होफ्लॉक्सासिनचंही, बरं. पण ओपीडीत रांग जिन्यापर्यंत असते, तिथे मी क्षेत्रफळ काढत बसणार नाही.

कळवा_सिस्टर: नका काढू. वजन, उंची आम्ही लिहून ठेवतो, शेजारी तारीखही. फक्त काटा 200 किलोपर्यंतचा मागवा. इंडेंटवर, म्हणजे मागणीपत्रावर, सही तुमचीच लागते.