लांबच्या प्रवासाला बाइकची सीट : तुमचे अनुभव सांगा

उत्तूरवाट
काल निपाणीजवळ पेट्रोल पंपावर एका मुलाच्या बाइकच्या सीटवर चौपदरी घोंगडी दिसली, सुतळीने आवळलेली. एकदम बाबांची राजदूतच आठवली. कोल्हापूरहून आजोळी सावंतवाडीला निघालो की ते हेच करायचे. मी टाकीवर, आई मागे आणि मध्ये बाबा घोंगडीवर. रेग्झिन तापतं, घाम धरतं. लोकरीतून हवा खेळते, म्हणून आंबोली उतरेपर्यंत माणूस ताठ बसू शकायचा.

आता मी पुणे-सावंतवाडी करतो. कराड मागे पडलं की माकडहाड ठणकायला लागायचं. शेवटी सीट पुन्हा बांधून घेतली. कारागिराने आधी मला गाडीवर बसवलं, दोन्ही पाय फूटरेस्टवर ठेवायला लावले आणि बूड टेकतं तिथे खडूने खूण केली. मी मऊ फोम मागितला तर सरळ नाही म्हणाला. मऊ फोम थोड्याच वेळात पुरता दबतो, मग बैठकीची दोन्ही हाडं खालच्या प्लॅस्टिकच्या पॅनवर येतात. त्याने मूळ फोमचा टाकीकडचा उतार हॅकसॉच्या पात्याने तासून सपाट केला, खाली घट्ट फोम चिकटवला आणि वर बोटभर मऊ थर दिला. दुकानातून निघताना सीट कडक वाटली. कोल्हापूरला उतरलो तेव्हा त्याचं म्हणणं पटलं.

तुम्ही काय काय केलंत? सगळं लिहा.

मंजू_सातारा
उतार!! हे कोणी बोलतच नाही. प्रत्येक ब्रेकला घसरून टाकीवर जायचं आणि परत मागे सरकायचं. खंबाटकी उतरेस्तोवर मनगटं भरून येतात. दुखणं सीटचं, आपण मात्र हँडल बदलत बसतो.

ढगफुटी
घनसाळ तांदूळ आणलास का आजऱ्यातून येताना?

उत्तूरवाट
@ढगफुटी न आणता कसा येईन. पाच किलो.

शिल्पा मागच्या सीटवरून
सगळे चालवणाऱ्याचंच लिहिताय. मागे बसणारीचं काय? नव्या गाड्यांची मागची सीट वीतभर, तीही उंच आणि उतरती. आमच्या सासूबाई साडी नेसून एका बाजूला बसतात, त्यांना धरायला दांडा लागतो आणि पाय ठेवायला रुंद पायटा. मोटार वाहन नियमांत १२३ क्रमांकाचा नियम आहे, त्यात मागच्यासाठी धरायची मूठ, फूटरेस्ट आणि कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून निम्मं चाक झाकणारी जाळी सांगितली आहे. तरी गाडी घरी आली की पोरं पहिली जाळी काढतात, दिसायला बरी नाही म्हणून. कृपा करून काढू नका. सीट बांधून घ्याल तेव्हा मागचा भागही रुंद आणि सपाट करून घ्या. आम्ही केला. आई आता स्वतःहून विचारतात, जेजुरीला कधी जायचं?

बुलेटवाला_नगर
रॉयल एनफिल्डची क्लासिक २००९ ला आली तेव्हा चालवणाऱ्याच्या सीटखाली स्प्रिंगा होत्या. २०२१ च्या नव्या मॉडेलला नाहीत. माझी जुनी आहे, विकणार नाही. खड्डा आला की आधी स्प्रिंग खाते, मग मी. महिन्यातून एकदा थोडं ग्रीस लावा, करकर बंद.

कोकणी_पाऊस
पावसाळ्यात शिलाई सांभाळा!! नवीन कव्हरची शिलाई बरोबर बसायच्या जागी आली तर सुईच्या भोकांतून पाणी आत जातं आणि फोम पाणी पिऊन बसतो. वरून सीट कोरडी दिसते, बसलं की पँट ओली. महाड ते चिपळूण असा गेलोय. कव्हर आणि फोमच्या मधे जाड प्लॅस्टिक घालायला सांगा, शिलाई कडेला घ्यायला सांगा.

डॉ_नाही_फिजिओ
घाईत लिहितेय, पेशंट आहे. मागच्या खिशातलं पाकीट काढा!!! एक बाजू उचलली जाते, कंबर वाकडी राहते, मग नस दुखते आणि नाव सीटचं. जीन्सची जाड शिवणही टोचते. तासाभराने उतरून पाच मिनिटं चाला. सीट कितीही चांगली असली तरी एकाच जागी दाब राहिला तर रक्त खेळत नाही.

मंजू_सातारा
@डॉ_नाही_फिजिओ पाकिटाचं आत्ता नवऱ्याला वाचून दाखवलं. काढलं 🙏

लेह_परत
हवेच्या गादीचा अनुभव. मनालीत तोंडाने फुगवून बांधली, मस्त. बारालाचा खिंड सुमारे ४९०० मीटरवर, मनाली दोन हजाराच्या आसपास. वर बाहेरचा हवेचा दाब कमी, त्यामुळे गादी फुगून टणक झाली, वळणावर बूड स्थिर राहीना. थोडी हवा सोडली की ठीक. उतरताना पुन्हा भरा. अर्धवट फुगवलेलीच चांगली, शरीर सीटपासून जरासं सुटावं एवढीच. बरोबरच्याची जेलची होती, ती उन्हात उभ्या गाडीवर अशी तापायची की बसवत नव्हतं. थांबलात की तिच्यावर जॅकेट टाका.

पाच_फुटी
माझी उंची नावातच आहे. फोम वाढवला की पाय टेकत नाहीत, सिग्नलला गाडी कलते. म्हणून मी उंची न वाढवता पुढची बाजू दोन्हीकडून निमुळती करून घेतली. मांड्या आत येतात, पाय सरळ खाली जातो. मागे बसायच्या जागी रुंदी तशीच ठेवली. बुटक्या मैत्रिणींनो, हे नक्की करा.

रेणू_ठाणे
माझा भाऊ दिवसभर बाइकवर पार्सलं पोचवतो. त्याला फिरायला नाही, पोटासाठी बसावं लागतं. उन्हाळ्यात घामोळं आणि पुरळ यायचं. जाळीचं कव्हर घातलं, खाली हवा राहते, आता पुष्कळ बरं आहे. चारशेच्या आतलं आहे. ज्यांच्या ओळखीत अशी मुलं आहेत त्यांनी एक घेऊन द्या, खरंच सांगते.

ढगफुटी
@रेणू_ठाणे आमच्या सोसायटीत रोज येणाऱ्या दोघांना या रविवारी देतो. गाडीप्रमाणे माप वेगळं लागतं का?

रेणू_ठाणे
लागत नाही, इलॅस्टिक असतं. फक्त मोठी सीट असेल तर मोठा साइज सांगा.

नाशिकचा_बंड्या
@उत्तूरवाट नुसती सीट काढून दिली तर चालेल का? गाडी न्यायला वेळ नाही.

उत्तूरवाट
@नाशिकचा_बंड्या गाडीच न्या, आणि रोज घालता ते बूट घालून जा. माप गाडीवर बसवूनच घेतलं जातं. अख्खा दुसरा फोम टाकणार असतील तर जुना परत मागून घ्या, नवा नाही जमला तर तोच उपयोगी पडतो.