अनुभव धागा : तिकीट न काढता पाहिलेली ऐतिहासिक आणि लष्करी ठिकाणे

काल मुलांच्या सुट्टीचा हिशेब मांडताना चौघांच्या तिकिटांचा आकडा पाहून वडिलांची आठवण झाली, कारण ते आम्हाला नेमके तिकीट नसलेल्या जागी न्यायचे. त्यांतली एक खडकीची युद्ध दफनभूमी. दुसऱ्या महायुद्धातील 1,668 सैनिक तेथे विसावले आहेत, आणि त्यांतील अनेकांचे अवशेष पश्चिम व मध्य भारतातील इतर दफनभूमींमधून आणलेले आहेत. वडील शिळेवरचे वय वाचून थांबायचे, 'एकवीस' म्हणायचे आणि पुढे जायचे. मला तेव्हा कंटाळा यायचा. आता माझा थोरला एकोणीस वर्षांचा आहे. आपलेही अनुभव लिहावेत.

पायवाट : वसईचा किल्ला. 1739 मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने सेंट सेबॅस्टियन बुरूज सुरुंग लावून फोडला, हे पुस्तकात वाचले होते. परंतु त्या तटाखाली उभे राहिल्यावर सुरुंग खणणाऱ्याच्या डोक्यावर किती दगड होता, हे समजले. तेथून आणलेली घंटा नाशिकला नारोशंकराच्या देवळावर आहे आणि तीही पाहायला पैसे पडत नाहीत. आम्ही एकाच सुट्टीत दोन्ही पाहिली. किल्ल्यात पाणी मिळेल या भरवशावर मात्र जाऊ नये, कारण आमची धाकटी अर्ध्या वाटेवरच बसली होती.

गोदाकाठ : नाशिककर असूनही ती घंटा वसईची, हे मला चाळिशीत कळले. रोज खालून जात होतो.

पायवाट : आम्हीही आधी रामकुंडावर भेळच खाल्ली होती, घंटा नंतर दिसली.

सुभेदाराची सून : दिल्लीचे राष्ट्रीय युद्ध स्मारक, उद्घाटन 25 फेब्रुवारी 2019. त्यागचक्रातील, म्हणजे हुतात्मा जवानांच्या नावांच्या वर्तुळाकार भागातील, भिंतींवर एका विटेवर एक नाव अशी रचना असल्यामुळे शोधायला वेळ लागतो, पण सासूबाईंना त्यांच्या भावाचे नाव सापडले. त्यांनी विटेवर पदर फिरवला, जसा घरातल्या तसबिरीवर फिरवतात, आणि मग बराच वेळ कोणी काही बोलले नाही. परमयोद्धा स्थळावरील परमवीर चक्र विजेत्यांच्या एकवीस पुतळ्यांमध्ये रामा राघोबा राणे आहेत; 1948 साली नौशेरा-राजौरी मार्गावरील सुरुंग त्यांनी काढले होते.

धागाकर्ता : सुभेदाराची सून, हे वाचून डोळे भरून आले. सासूबाईंना नमस्कार सांगावा.

मिलानचा शिंपी : इटलीतील कॅसिनोच्या स्मारकावर यशवंत घाडगे यांचे नाव आहे. माणगाव तालुक्यातील हे बावीस वर्षांचे मराठा जवान 10 जुलै 1944 रोजी धारातीर्थी पडले आणि त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. कबर कोठे आहे, ते ठाऊक नसल्यामुळे नाव भिंतीवर कोरलेले आहे. प्रवेशासाठी एक छदामही लागला नाही, मात्र स्टेशनपासूनच्या टॅक्सीने ती कसर भरून काढली.

गोदाकाठ : खडकीला लहान मुलांना नेले तर चालते का?

धागाकर्ता : चालते, फक्त शिळांवर चढू देऊ नये. आम्ही रविवारी सकाळी जाणार आहोत, येत असाल तर कळवावे.