नववीच्या मुलांना समुद्रात कयाकिंगला न्यायचंय, तयारी कशी करून घेऊ?

कळव्याच्या_पीटी_मॅडम

नमस्कार मंडळी. मी कळव्यातल्या एका शाळेत पीटी शिकवते. डिसेंबरात नववीची सहल रेवदंड्याला चाललीय. एक रात्र तंबूत, दुसऱ्या दिवशी सकाळी कयाकिंग. मुलं चाळीसेक. निम्म्यांना पोहता येत नाही, उरलेल्यांचं पोहणं म्हणजे रिसॉर्टच्या कमरेएवढ्या पाण्यात. पालकांच्या ग्रुपवर रोज तोच प्रश्न, "मॅडम, लाइफ जॅकेट असेल ना?" मुख्याध्यापक म्हणतात सूचनांचा कागद काढा, सह्या घ्या, झालं. मला त्यापुढे काहीतरी करून घ्यायचंय. तरणतलावावर दोन सकाळी मिळतायत, त्यात काय घेऊ? आणि आयोजकांनी पौर्णिमेची तारीख दिलीय, चांदण्यातला कॅम्प म्हणून. चालेल ना?

दिव्याची_पोर

मॅडम, आमचं घर ऐरोलीला, दिव्याच्या कोळीवाड्यात. लहानपण खाडीत गेलं, आता थंडीच्या सीझनला अलिबागकडे कयाकच्या बॅचेस सांभाळते. जरा लांबण लावते, सांभाळून घ्या.

दोन सकाळींत पोहायला शिकवायच्या भानगडीत पडू नका. पाण्यात पडायला शिकवा. ट्रॅकपँट-टीशर्टवर जॅकेट चढवा, खोल बाजूच्या काठावर बसवा आणि एकेकाला पाण्यात कलंडू द्या. जीवरक्षक शेजारी हवाच. पहिल्यांदा पडल्यावर पोरगं काय करतं ते बघा. जॅकेट त्याला तरंगवत असतं, आणि हा डोळे गच्च मिटून, हात वर फेकून हवेतच काहीतरी पकडायला बघतो. हात वर गेले की तोंड खाली जातं. तीन-चारदा पडला की हात पाण्यात येतात, मान मागे टेकते, आणि मग तो चक्क हसतो. समुद्रात मला असं पोरगं द्या, त्याला पोहता येत नसलं तरी मी सांभाळेन. पोहता येणारी घाबरली की उलट जास्त त्रास देतात, होडी सोडून किनाऱ्याकडे हात मारायला लागतात.

जॅकेटच्या खांद्याच्या पट्ट्या धरून वर ओढून बघा. कानापर्यंत आलं तर ढिलं. बारक्या पोरांना मोठ्यांचं जॅकेट दिलं तर ते पाण्यात डोक्यातून निघून येतं. मुलांची वजनं आयोजकांना आधीच कळवा आणि पूलवर त्यांचीच जॅकेटं मागवा. देत नाहीत म्हणाले तर तिथेच काय ते कळलं.

दुसऱ्या सकाळी एखादी कयाक मिळवा. उलटली तरी वल्हं आणि होडी सोडायची नाही. जोडीतला एक पलीकडून होडी दाबून धरतो, दुसरा पोटावर आडवा चढतो, पाय मारत, आणि मग वळून बसतो. फार थोड्यांना पहिल्या झटक्यात जमतं, म्हणून ते इथेच व्हायला हवं.

आता पौर्णिमा. आमच्याकडे तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे बाराच्या आसपास, दुपारी आणि मध्यरात्री. तीही उधाणाची, कोष्टकात साडेचार मीटरच्या आसपास दिसेल. तुमची बस संध्याकाळी सहाला पोचेल तेव्हा पूर्ण ओहोटी. पाणी इतकं लांब असतं की वाटतं, इथेच वाळूवर तंबू टाकावेत, काय मस्त. रात्री बाराला तेच पाणी तंबूच्या दोऱ्यांशी. सुकलेला पाला, थर्माकोल, चपला यांची रांग जिथे दिसते त्याच्याही वर, सुरूच्या बनाकडे सरका. सुरूत डास असतात, ते चालवून घ्या.

वाशी_ट्रेकर

मग अष्टमी घ्या की. भांगाचं पाणी, जोर कमी. शिवाय आयोजकांना विचारा, 2021 च्या राज्याच्या साहसी पर्यटन धोरणानुसार पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी आहे का. 2016 साली मुरूडला पुण्याच्या कॉलेजची चौदा मुलं बुडाली, तेव्हापासून मी तरी कागद बघितल्याशिवाय पोरांना पाण्याजवळ पाठवत नाही.

दिव्याची_पोर

नोंदणीचं बरोबर. जोडीला हेही विचारा, बचावाची मोटरबोट मुलं पाण्यात असताना पाण्यात असते, की किनाऱ्यावर ताडपत्री घालून ठेवलेली?

अष्टमीला मात्र माझा नकार. आठाची पाऊणपट सहा. पहाटे सहाला भरती, म्हणजे सकाळभर सुकती, पाणी बाहेर ओढणार. त्यात थंडीत सकाळी मतलई वारा, तोही जमिनीकडून समुद्राकडे. जोर कमी असला तरी दोन्ही पोरांना एकाच दिशेला नेतात. रेवदंड्याला तर कुंडलिकेचं मुख, तिकडे ओहोटीला जायचंच नाही. पौर्णिमेनंतरची पंचमी बघा. भरती पावणेचारला, म्हणजे पावणेदहा-दहाच्या पुढे पाणी आत येऊ लागतं, आणि उधाणाचा जोरही उतरलेला. दहा ते बारा पाण्यात, दुपारी खारे वारे चढायच्या आत बाहेर. पाऊणपट हा अंदाज आहे, तारीख पक्की करताना मुंबईचं भरतीचं कोष्टक बघाच.

कोपरखैरणेची_आई

माझी लेक गेल्या वर्षी अशीच जाऊन आली. चष्मेवाल्यांना चष्म्याला मागून दोरी बांधायला सांगा, वर्गात किती चष्मे आहेत बघा जरा! जीन्स नको. पायात मागून पट्टा असलेली सँडल हवी, खडकावरची कालवं तळवा कापतात. आणि मुलींशी तुम्ही वेगळं बोला, मॅडम. पाळी त्याच दिवशी आली तर काय, हे कागदावर कोणी लिहीत नाही. लेकीच्या वर्गातल्या दोघी "पोटात दुखतंय" म्हणून किनाऱ्यावर बसून राहिल्या, सरांना वाटलं घाबरल्या.

कळव्याच्या_पीटी_मॅडम

ताई, हे माझ्याकडून राहूनच गेलं असतं. मुलींना उद्याच बसवते. खारे-मतलई वाऱ्यांचा धडा भूगोलाच्या सरांना पुन्हा घ्यायला सांगितलाय, तिथीच्या गणितासकट. आयोजकांना पंचमी कळवली, ते म्हणतात चांदण्याचं काय? आणि तंबू शाळेच्या मैदानावर ठोकून बघितले. वाळूत खुंट्या धरतील का?

दिव्याची_पोर

पंचमीला चंद्र दहाच्या सुमारास उगवतोच, पोरं काय तेव्हा झोपणार आहेत होय? खुंट्या वाळूत नाही धरत. दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत वाळू भरायची, तोंडाला दोरी आवळायची आणि हातभर खोल पुरायची. मुलांना घरून दोन-दोन पिशव्या आणायला सांगा, आणि जाताना उकरून परत न्यायलाही.