मदत हवी आहे: 'जी. आय. जो' कॉमिकच्या चाळीस वर्षांच्या खपाचा एकच आलेख काढता येईल का?

नमस्कार मंडळी,

'जी. आय. जो: अ रिअल अमेरिकन हीरो' या कॉमिक मालिकेवर एक मोठा लेख लिहितो आहे. तिच्या कथेवर आणि लॅरी हामा या लेखकावर इंग्रजीत भरपूर लिखाण आहे. मला लिहायचंय ते तिच्या खपावर, आणि आकडे जमवल्यानंतर ते मांडायचे कसे, इथे अडलो आहे.

ज्यांना मालिका ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हॅस्ब्रो या खेळण्यांच्या कंपनीकडून परवाना घेऊन मार्व्हलने १९८२ मध्ये ती सुरू केली. अमेरिकेत खेळण्यांच्या टीव्ही जाहिरातीत ॲनिमेशन किती वेळ दाखवायचं यावर बंधनं होती, कॉमिकच्या जाहिरातीवर तशी नव्हती. म्हणून हॅस्ब्रोने टीव्हीवर कॉमिकचीच जाहिरात केली. मासिक कॉमिकला इतका मोठा प्रेक्षकवर्ग क्वचितच आयता मिळाला असेल. मार्व्हलची मालिका डिसेंबर १९९४ च्या १५५ व्या अंकावर थांबली. २००१ मध्ये डेव्हिल्स ड्यू या प्रकाशनाने नवे अंक काढले, पण वेगळे क्रमांक देऊन. मग २०१० मध्ये आयडीडब्ल्यू प्रकाशनाने जुनाच धागा उचलला: आधी १५५½ क्रमांकाचा मोफत अंक, मग १५६. हामाच लेखक. २०२२ मध्ये ३०० वा अंक आला, परवाना स्कायबाउंड या प्रकाशनाकडे गेला आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये ३०१ वा अंक निघाला.

म्हणजे क्रमांकांच्या हिशेबाने ही एकच मालिका आहे. खपाच्या आकड्यांच्या हिशेबाने मात्र मला त्यात तीन वेगळ्या गोष्टी दिसतात.

मार्व्हलच्या काळासाठी माझा आधार म्हणजे अंकांत वर्षातून एकदा छापलं जाणारं मालकी व खपाचं निवेदन. सवलतीच्या टपालदराने वर्गणीदारांना अंक पाठवायचे असतील तर अमेरिकन टपाल खात्याला हे द्यावं लागतं आणि अंकात छापावंही लागतं. खपाचे आकडे त्यात १९६० पासून येतात. किती छापले, किती विकले, वर्गणीदार किती, स्टॉलवरून परत किती आले, सगळं त्यात असतं. मोठ्या अभिमानाने जपावा असा हा दस्तऐवज आहे, कारण स्टॉलवरून परत आलेल्या प्रती वजा करून उरलेला खप त्यात मिळतो.

आयडीडब्ल्यूच्या काळासाठी असं काही नाही. तिथे डायमंड या वितरकाच्या मासिक याद्यांवरून काढलेले अंदाज आहेत. त्यात मोजली जाते ती कॉमिकच्या दुकानदारांनी घेतलेली संख्या. दुकानदाराने घेतलेला अंक सहसा परत जात नाही, त्यामुळे तो पुढे विकला गेला की दुकानातच पडून राहिला, हे यादीतून कळत नाही. आणि २०२० नंतर तर वितरकच विखुरले.

या तिन्ही तुकड्यांना जोडून एक रेघ काढली की मार्व्हलच्या काळातला डोंगर आणि पुढे सपाट मैदान असं चित्र दिसतं. ते पाहून कुणीही म्हणेल की मालिका संपलेलीच होती, उगाच ओढली. मला ते पटत नाही. पुन्हा सुरू झाल्यावर बारा वर्षांत जवळपास दीडशे अंक निघाले. वाचक नसता तर कुठल्याही प्रकाशकाने परवान्याची रक्कम भरत हे चालवलं नसतं.

तर प्रश्न असा: हे आकडे एकमेकांशी जुळवण्याची काही मान्य पद्धत आहे का? मी डायमंडच्या यादीतला निर्देशांक (त्या महिन्यातली बॅटमॅनची विक्री = १००) वापरून सगळं प्रमाणात मांडायचा विचार करत होतो. योग्य ठरेल का?

प्रतिसाद १

लेखाची वाट पाहतो आहे. पण निर्देशांक वापरू नका, हे आधी सांगतो.

तो निर्देशांक बॅटमॅनच्या त्या महिन्यातल्या विक्रीवर उभा आहे. सप्टेंबर २०११ मध्ये बॅटमॅनच्या प्रकाशकाने, डीसीने, आपल्या सगळ्या मालिका पुन्हा १ पासून सुरू केल्या आणि बॅटमॅनची विक्री एकदम वर गेली. त्या महिन्यात 'जी. आय. जो'चा एकही वाचक कमी झाला नसता तरी तिचा निर्देशांक घसरलाच असता. तुमच्या आलेखात ते पडझड म्हणून दिसेल. त्यापेक्षा निर्देशांकावरून काढलेले प्रतींचे अंदाज घ्या. जॉन जॅक्सन मिलर यांच्या कॉमिक्रॉन या संकेतस्थळावर ते महिनावार आहेत.

डेव्हिल्स ड्यूचा काळ घेणार असाल तर आणखी एक सांधा सांभाळा. २००३ च्या सुरुवातीपर्यंत डायमंडच्या याद्या दुकानदारांच्या आगाऊ मागणीवर होत्या, त्यानंतर प्रत्यक्ष पाठवलेल्या प्रतींवर. म्हणजे त्या एकाच प्रकाशकाच्या काळात मोजमाप मध्येच बदललं आहे. २००१ आणि २००४ च्या आकड्यांची थेट तुलना करू नका.

आता मुख्य प्रश्न. माझं मत स्पष्ट आहे: रेघ जोडूच नका. एकाखाली एक तीन स्वतंत्र आलेख काढा, प्रत्येकाचा उभा अक्ष वेगळा ठेवा आणि प्रत्येकावर काय मोजलंय ते लिहा. प्रत्येक काळाच्या आत चढ-उतार कसा झाला हे खात्रीने सांगता येतं. १९८५ आणि २०१५ यांची प्रतींमध्ये तुलना करून काहीच सिद्ध होत नाही, कारण पहिल्या काळात किराणा दुकानात, औषधाच्या दुकानात फिरत्या स्टँडवर अंक मिळत होता आणि दुसऱ्या काळात तो फक्त खास दुकानातच मिळायचा. डिजिटल विक्री तर या याद्यांत येतच नाही.

आयडीडब्ल्यूच्या आलेखाबाबत एक गोष्ट आवर्जून लिहा. कुठलीही नवी मालिका पाहिली तर पहिला अंक खूप वर, दुसऱ्याला मोठी घसरण, मग दर महिन्याला थोडीथोडी गळती, असा आकार दिसतो. म्हणून प्रकाशक सारखे नव्याने १ पासून मोजतात. या मालिकेने १५६ पासून सुरुवात करून तो फायदा सोडून दिला, त्यामुळे तिची रेघ कमी उंचीची पण सपाट असेल तर ती ताकद आहे. स्कायबाउंडनेही ३०१ वरच सुरुवात केली. पहिल्या अंकाची उसळी त्यांनी ड्यूक, कोब्रा कमांडर या पात्रांच्या वेगळ्या मालिकांतून मिळवली.

धागाकर्ता

मनापासून आभार. बॅटमॅनचा मुद्दा माझ्या अजिबात लक्षात आला नसता. तीन आलेखांची कल्पना पटली.

अजून एक विचारतो. मालिका दोनदा थांबली, १९९४ ला आणि २०२२ ला. दोन्ही शेवट एकाच खुणेने दाखवावेत का?

प्रतिसाद २

नाही. हे दोन शेवट वेगळ्या जातीचे आहेत. १९९४ मध्ये खपही घसरलेला होता, संग्राहकांनी फुगवलेला कॉमिकचा बाजार कोसळत होता आणि हॅस्ब्रोची ती खेळणीही बंद होत होती. २०२२ मध्ये परवान्याची मुदत संपली. तिथे खपाच्या रेघेत कारण शोधायला गेलात तर वाचकाची दिशाभूल होईल.

परवान्याच्या कॉमिकमध्ये हे कायम ध्यानात ठेवावं लागतं. प्रत्येक प्रतीमागे हक्कधारकाचा वाटा जातो, म्हणून जेवढ्या खपावर प्रकाशकाची स्वतःची मालिका तग धरेल तेवढ्यावर परवान्याची मालिका तोट्यात जाऊ शकते. उलट चांगली चालणारी मालिकाही हक्कधारकाने दुसरा प्रकाशक निवडला की थांबते. स्टार वॉर्सचंच बघा: डार्क हॉर्सने १९९१ पासून दोन दशकांहून जास्त काळ चालवलं आणि डिस्नेने लुकासफिल्म विकत घेतल्यावर ते मार्व्हलकडे गेलं. २०१५ च्या पहिल्या अंकाच्या १० लाखांच्या घरात प्रती गेल्या, पण त्यात ढिगाने पर्यायी मुखपृष्ठं होती. दुकानदाराने घेतलेल्या प्रती म्हणजे वाचक नव्हेत, याचं याहून मोठं उदाहरण नाही.

२०२२ नंतरचा भाग मी आलेखात घेणारच नाही. आयडीडब्ल्यूने त्याच वर्षी डायमंड सोडून पेंग्विन रँडम हाउसकडे वितरण दिलं, पुढच्या वर्षी इमेज हे प्रकाशन लूनार या वितरकाकडे गेलं आणि स्कायबाउंडचे अंक इमेजमार्फतच येतात. जुन्या यादीसारखी सलग यादी आता उरलेली नाही. तिथे शब्दांत लिहा, रेघ काढू नका.

प्रतिसाद १

वरच्याला +१. आणि मार्व्हलच्या काळासाठी निवेदनातला कुठला रकाना घेताय? तिथे दोन असतात: मागच्या बारा महिन्यांची सरासरी, आणि निवेदन भरण्याच्या सुमारास निघालेल्या एका अंकाचा आकडा. सरासरीच घ्या. शिवाय निवेदन ऑक्टोबरमध्ये भरलं जातं आणि काही महिन्यांनी छापून येतं, मुखपृष्ठावरची तारीख तर प्रत्यक्ष विक्रीच्या दोन-तीन महिने पुढची असते. १९८७ च्या अंकात छापलेला आकडा बहुतेक १९८६ चा धरावा लागेल. नाहीतर खेळणी, टीव्ही मालिका आणि खप यांचं नातं तपासताना सगळंच एक वर्ष सरकेल.

सुरुवातीच्या काही अंकांच्या दुसऱ्या आवृत्त्याही मार्व्हलने काढल्या होत्या. तुमच्याकडे अंकवार आकडे असतील तर ते मिसळले आहेत का ते बघा.

धागाकर्ता

सरासरीच घेतली आहे, पण वर्षं अंकाच्या मुखपृष्ठावरूनच लावली होती. आज रात्री सगळी एक वर्ष मागे सरकवून १९८५ च्या टीव्ही मालिकेशी पुन्हा ताडून बघतो.

एक शेवटची विनंती. माझ्याकडचा बराच संच पुनर्मुद्रित संग्रहांचा आहे आणि त्यांत निवेदनाची पानं नसतात. कुणाकडे १९८८ ते १९९४ मधले मूळ अंक असतील, विशेषतः वर्षाच्या पहिल्या काही महिन्यांचे, तर वाचकांच्या पत्रांच्या आसपासची पानं चाळून बघाल का? निवेदन बारीक टायपात, चौकटीत असतं. फोटो स्पष्ट नसला तरी चालेल, 'एकूण सशुल्क खप' आणि 'विक्रेत्यांकडून परत' या दोन ओळी वाचता आल्या की पुरे. अंकाचा क्रमांक मात्र नक्की लिहा.