आमिष गायब आणि चाप तसाच? प्रमाण कमी करा
उंदराचा चाप लावून आठ दिवस झाले, आमिष रोज चाटूनपुसून साफ आणि चाप तसाच उघडा, असं म्हणताय ना? अहो आमिष जास्त होतंय! वाटाण्याएवढंच पीनट बटर आमिष ठेवायच्या पट्टीच्या खालून चेपा, नाहीतर शेंगदाणा दोऱ्याने घट्ट बांधा म्हणजे ओढावंच लागतं, नुसतं चाटून पळता येत नाही. चाप भिंतीला काटकोनात आणि आमिषाची बाजू भिंतीकडे, कारण उंदीर भिंतीला अंग घासतच पळतात. मोठे उंदीर तर भारी संशयी, नवी वस्तू दिसली की लांबूनच जातात, म्हणून पहिले चार-पाच दिवस स्प्रिंग न ताणता खाऊ द्या, मग ताणा (मी घाई केली, पहिलं सावज माझाच अंगठा).

खारींचं मात्र वेगळं. उंदराच्या साध्या चापात खार पटकन मरेलच असं नाही, पाय अडकून तडफडते, चाप ओढत नेते, शिवाय बऱ्याच ठिकाणी खार मारायला कायद्याने बंदी आहे ते आधी बघा. माळ्यावर येत असतील तर भोक जाळीने बंद करा, पण आत पिल्लं नाहीत ना ते बघून. आणि उघड्यावर चाप नकोच, पक्षी नाहीतर मांजराचं पिल्लू सापडतं, बारीक तोंडाच्या खोक्यात लावा आणि रोज सकाळी बघा.